‘माझ्याकडे सांगण्यासारखी साक्षच नाही’

सलाम. मी कोल्हापूरची, वय ६१. माहेर कोडोलीकडचं. पणजोबांपासून आमचं घर ख्रिस्ती. तान्हेपणी बाप्तिस्मा झाला, मग शब्बाथ शाळा, नाताळात घरोघर जाऊन गाणी, सोळाव्या वर्षी मंडळीपुढे विश्वास कबूल करून पहिलं प्रभुभोजन. नर्सिंग मिरजेला शिकले, नोकरी कोल्हापुरात केली. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता आमच्या पाळकसाहेबांनी मला मंडळीत वडील (‘एल्डर’, म्हणजे चर्चमधल्या लोकांची जबाबदारी पाहणाऱ्यांतली एक) म्हणून यायला सांगितलंय. आजाऱ्यांना भेटणं आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची विचारपूस, हे काम माझ्याकडे असावं असं त्यांच्या मनात आहे.

मला झोप लागत नाही. पहिलं म्हणजे माझ्याकडे सांगण्यासारखी साक्षच नाही. प्रार्थनासभेत लोक उभे राहून सांगतात, अमुक तारखेला माझं तारण झालं, दारू सुटली, दृष्टांत झाला. एका बहिणीने मला विचारलं, ‘सिस्टर, तुमची तारीख कुठली?’ मी गप्प बसले. दुसरी गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझी धाकटी बहीण आयसीयूत वारली, मी नोकरी करत होते त्याच हॉस्पिटलात. रात्रभर मी प्रार्थना करत होते. त्यानंतर सहा वर्षं मी चर्चची पायरी चढले नाही. कुणी विचारलं की ड्युटीचं कारण पुढे करायची. मग एका ईस्टरला गेले आणि पुन्हा जाऊ लागले. का गेले, तेही सांगता येत नाही. अशा बाईने वडील व्हावं का?

मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, आई, आता आराम कर, मंडळीच्या राजकारणात पडू नकोस. जाऊबाई म्हणतात, बाईने वडील होणं शास्त्राला धरून नाही. मिस्टर म्हणतात, तुझं तू ठरव.

सध्या मी एवढंच करते. कसबा बावड्यात मंडळीतल्या एक आजी अंथरुणाला खिळून आहेत, त्यांच्या पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग मंगळवारी आणि शुक्रवारी करून येते. त्या मला तेवढ्यात एखादं स्तोत्र म्हणायला लावतात. ही काही सेवा नव्हे, माझा हातचा धंदाच तो. मी काय करू?

— एक सिस्टर, कोल्हापूर

प्रिय ताई,

सलाम. पाळकसाहेबांना होकार द्या. आधी हे सांगून टाकते, कारण तुमच्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी वाचून माझं मत पक्कं झालं.

त्या आजींबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, आणि वर ‘ही काही सेवा नव्हे’ असा शेराही मारलाय. पाठीला पडलेली जखम ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. आजारी माणसाला कुशीवर वळवून धरायला एक माणूस लागतो. जुनी पट्टी जखमेला चिकटलेली असते, ती सलाइनने भिजवून हळूहळू सोडवावी लागते. वास येतो. घरची माणसं कितीही मायेची असली तरी त्या वेळी तोंड फिरवतात. मग आपण तोंड फिरवलं याची त्यांनाच लाज वाटते, आणि त्या लाजेपायी त्यांचं खोलीत येणंच कमी होतं. पडलेल्या माणसाला हे सगळं कळत असतं. अशा घरात आठवड्यातून दोनदा एक बाई येते, हातमोजे चढवते, कपाळाला आठी न घालता जखम धुते आणि धुताधुता स्तोत्र म्हणते. तिला कुणी पाठवलेलं नाही, कुणी पगार देत नाही, आणि रविवारच्या सूचनांत तिचं नावही येत नसेल.

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून बघा. कुणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलावून घ्यावं, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असं तिथे लिहिलंय. म्हणजे वडील कुठे सापडायला हवेत, तर आजाऱ्याच्या खाटेपाशी. आणि तेल म्हणाल तर लूकच्या शुभवर्तमानातला तो शोमरोनी वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो. त्या काळचं ते ड्रेसिंगच. तुम्ही मिरजेला शिकलात, तेव्हा हे मी तुम्हाला काय सांगणार! मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभारणारे डॉ. वॉन्लेस १८८९ मध्ये या देशात आले ते १९२८ पर्यंत राहिले. ऑपरेशनचं टेबल आणि प्रार्थना या दोन गोष्टी त्यांच्या हॉस्पिटलात वेगळ्या खात्यांत टाकलेल्या नव्हत्या. तुमच्या पिढीतल्या सिस्टरांना त्याच वळणाने शिकवलं गेलं. वडिलांचं काम तुम्ही आधीपासून करताय. मंडळी आता फक्त त्याला नाव देतेय.

आता त्या तारखेबद्दल. हा काटा तुम्हाला खोल रुतलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रेषित पौलाला तारीख होती. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) रस्त्यावर तो खाली पडला, तीन दिवस त्याला दिसेना, आणि तिथून त्याचं आयुष्य फिरलं. पण त्याच पौलाने ज्याला मुलासारखं मानलं आणि मंडळीची जबाबदारी दिली, त्या तीमथ्याचं काय? त्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल त्याच्या विश्वासाची ओळख कशी देतो ते पहा. आधी तुझी आजी लोईस हिच्यात होता, मग तुझी आई युनीके हिच्यात, आणि आता तुझ्यात आहे. पुढे तो आठवण देतो की बाळपणापासून तुला पवित्र शास्त्राची ओळख आहे. तीमथ्याच्या बाबतीत वीज चमकणं नाही, घोड्यावरून पडणं तर मूळ वचनात पौलाच्या बाबतीतही नाही, ते चित्रकारांनी काढलंय. तीमथ्याच्या विश्वासाची जन्मतारीख पौल विचारत नाही. आजीचं आणि आईचं नाव मात्र घेतो.

आपल्या भागात ही तारीख कुठून आली, याचाही विचार करा. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांनी शाळा काढल्या आणि इथलं मिशनचं काम उभं राहिलं. त्या काळात ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याला तारीख असायचीच, कारण त्या दिवशी त्याचं घर तुटायचं. बेळगावचे लेखक बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले, कवी ना. वा. टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत. दोघांनी त्या दिवसाची किंमत नात्यागोत्यात मोजली. तुमच्या पणजोबांनीही मोजली असणार. विहीर, पंगत, सोयरीक, भावकी, यातलं काय काय त्या दिवशी हातातून गेलं ते त्यांनाच ठाऊक. पुढच्या पिढ्यांना ती किंमत पुन्हा मोजावी लागली नाही, म्हणून तुमच्याकडे तारीख नाही. ते तुम्हाला वारशाने मिळालेलं आहे, आणि वारसा मिळाला याची लाज धरायचं काहीच कारण नाही. माहेरच्या मंडळीत बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर असेल तर एकदा जाऊन पणजोबांचं नाव शोधा. ती तारीख तुमच्याही घरची आहे.

पहिल्या पिढीतसुद्धा सगळ्यांच्या बाबतीत वीज चमकली असं नाही. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्या दुखावल्या, रडल्या, वेगळ्या राहिल्या. मग परत आल्या, सोवळंओवळं एकेक करत सोडलं आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षं आधी ताटातुटीत आणि मग संसारात, चुलीपाशी गेली. त्या पाच वर्षांतला नेमका कुठला दिवस, असं त्यांना विचारलं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं? आणि हीच बाई टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन हे येशूच्या चरित्रावरचं काव्य पुढे लिहायला बसली.

ज्या बहिणीने तुम्हाला तारीख विचारली, तिच्यावर राग धरू नका. ज्याची दारू सुटली, ज्याने बायकोला मारणं थांबवलं, त्याला ती तारीख जीव मुठीत धरून जपावी लागते. ती घसरली तर सगळं घसरेल अशी त्याला भीती असते. त्याची साक्ष खरी आहे आणि मंडळीला ती हवी. पण तिचं फुटपट्टीत रूपांतर झालं की घरात वाढलेली, शांतपणे उपासनेला येणारी माणसं स्वतःला दुय्यम समजू लागतात. मग काही जण साक्ष रंगवू लागतात. नसलेलं पाप, नसलेला दृष्टांत. हे मी मंडळ्यांतून होताना पाहते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तुम्ही ते करू नका. कुणी आग्रह केलाच तर उभं राहून सांगा, ‘मी विश्वासाच्या घरात जन्मले, प्रभूने मला सोडलं नाही.’ एवढं पुरे, आणि खरंही तेच आहे.

पण ताई, साक्ष नाही असं लिहिता लिहिता तुम्ही पुढच्याच ओळीत ती लिहून गेलात.

बहीण गेली. तुम्ही नर्स होता, तेव्हा मॉनिटरवर काय दिसतंय ते तुम्हाला नातेवाइकांच्या आधी कळत होतं. प्रार्थना करत होता आणि आकडे खाली येताना बघतही होता. त्यानंतर तुम्ही देवाशी बोलणं थांबवलंत आणि सहा वर्षं फक्त ड्युटी केलीत. याला तुम्ही डाग समजता. स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र आज रात्री वाचा. बहुतेक विलापगीतं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही. आप्त दूर गेले, मित्र दूर गेले, आणि अंधार, असं म्हणून ते संपतं. पवित्र शास्त्रात ते तसंच ठेवलंय, शेवटी कुणी गोड कडवं जोडलेलं नाही. तुमच्या सहा वर्षांना तिथे जागा आहे.

आणि येशूचा शिष्य पेत्र? येशूला पकडलं त्या रात्री अंगणात शेकोटीपाशी तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. पुनरुत्थानानंतर तलावाकाठी येशूने त्यालाच तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस काय, आणि मेंढरं त्याच्या हाती दिली. हाच पेत्र म्हातारपणी वडिलांना पत्र लिहितो तेव्हा स्वतःलाही त्यांच्यातलाच एक वडील म्हणवतो. त्या पत्राचा पाचवा अध्याय वडील होणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. कळप पाळा, पण बळजबरीने नको, खुशीने. पैशाच्या लोभाने नको. धनी असल्यासारखी सत्ता गाजवून तर नकोच. नाकारून परत आलेल्या माणसाने हे लिहिलंय, म्हणून मला ते जास्त भरवशाचं वाटतं.

ही सहा वर्षं तुम्हाला या कामात कुठे उपयोगी पडतील ते सांगते. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर जी माणसं बसतात, त्यांच्याजवळ आपली मंडळी जाते आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलते. देवाची काही योजना असेल. त्याला फूल आवडलं, त्याने तोडून नेलं. विश्वास कमी पडू देऊ नका. तुमच्या बहिणीच्या वेळी कुणीतरी तुम्हालाही यातलं काही म्हणालं असेल. ते ऐकून माणूस वरवर मान हलवतो आणि आतून दार लावून घेतो. तुम्ही हे बोलणार नाही. तुम्ही बाकावर शेजारी बसाल, चहा आणून द्याल, डॉक्टर काय म्हणाले ते सोप्या मराठीत समजावाल, रात्री घरी कोण थांबणार ते विचाराल. प्रार्थना करायची तर ‘करू का?’ असं आधी विचाराल, आणि नको म्हटलं तर वाईट वाटून घेणार नाही. माणूस गेलाच तर तेराव्या दिवसानंतर, चौकशीला येणाऱ्यांची रीघ थांबल्यावर, पुन्हा जाल. महिनोन्‌महिने चर्चला न आलेल्या एखाद्या बाईच्या घरी गेलात तर ‘दिसला नाहीत बरेच दिवस’ हे वाक्य तुमच्या तोंडून निघणार नाही. हे शिकवून येत नाही.

मात्र एक करा. हो म्हणण्यापूर्वी ही गोष्ट पाळकसाहेबांना एकांतात सांगा, आणि त्याच्याही आधी मिस्टरांना सांगा. सबंध मंडळीला सांगायची गरज नाही, ते तुमचं आहे. पण जे आपण लपवून ठेवतो त्याची भीती पुढच्या प्रत्येक निर्णयात आडवी येते. पाळक ऐकून काय म्हणतात, यावरून ते तुमच्याबरोबर कसं काम करतील तेही कळेल.

जाऊबाईंचं म्हणणं मी थोडक्यात आटोपते. रोमकरांच्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल फिबी नावाच्या बहिणीची शिफारस करतो, ती किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका होती, आणि तिला लागेल ती मदत करा असं तो रोमच्या लोकांना सांगतो. उत्तर भारत मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्त्रियांना पाळकपदाचीही दीक्षा मिळते. आपल्याकडे बायबल बाई दारोदार जाऊन वचन सांगत होत्या आणि केडगावात पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. सगळ्या मंडळ्यांचं यावर एकमत नाही हे खरं, पण तुमच्या मंडळीने तुम्हाला बोलावलंय, म्हणजे तिथला प्रश्न सुटलेला आहे. जाऊबाईंशी वाद घालू नका. भेटीला जाताना त्यांना बरोबर न्या. एकटीने परक्या घरी जाण्यापेक्षा दोघींनी जाणं कधीही बरं, आणि त्यांचं मत बदललं तर ते तिथेच बदलेल.

मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे. त्याला ‘तुला काय कळतं’ म्हणू नका. मिशनच्या काळापासून मंडळ्यांकडे जमिनी, शाळा, इमारती आल्या. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारत मंडळी झाली. अशा जोडण्यांनंतर कुठली मालमत्ता कुणाची, कुठलं मंडळ खरं, यावरून ठिकठिकाणी भांडणं लागली, कोर्टात गेली. विश्वासू माणसं त्यात वर्षानुवर्षं होरपळली आणि काही जण मंडळीच सोडून गेले. पुण्यात बसलेल्या मुलाला आईची काळजी वाटली तर त्यात नवल नाही. त्याला शांत करायचं तर नुसतं ‘प्रभू बघून घेईल’ म्हणून भागणार नाही. पाळकसाहेबांना काही सरळ प्रश्न विचारा आणि उत्तरं मुलाला कळवा.

मंडळीची घटना मागून घ्या आणि वाचा. कुठे सेशन म्हणतात, कुठे पास्टरेट कमिटी, नावं आणि अधिकार वेगवेगळे असतात. वडील किती वर्षांसाठी, निवड कशी होते, पद सोडायचं झालं तर कसं, हे लिखित असतं. तुमचं नाव ट्रस्टी म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंदवलं जाणार आहे का, हे स्पष्ट विचारा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली विश्वस्तावर हिशेबाची आणि मालमत्तेची जबाबदारी येते. तुम्हाला आजाऱ्यांचं काम हवंय, तर ट्रस्टीपद नम्रपणे नाकारा, त्यात काही वावगं नाही. दान मोजायला कधी बसावं लागलंच तर एकटीने बसू नका, दोघांनी मोजायचं आणि दोघांनी रजिस्टरवर सही करायची. न वाचता कुठल्याही कागदावर सही नको, मग तो कुणीही पुढे सरकवलेला असो. ‘आपल्यात काय, विश्वास आहे ना’ असं म्हणून सही मागितली तर त्या दिवशी तर मुळीच नको. आणि कुठल्या गटाने दुसऱ्या गटाविरुद्ध तुमची सही मागितली तर सांगा, माझे पेशंट दोन्हीकडे आहेत.

वेळेचंही आताच ठरवा. तुम्ही आयुष्यभर पाळ्या केल्यात, रात्री-अपरात्री उठलात. निवृत्तीनंतर तीच पाळी मंडळीच्या नावाने पुन्हा सुरू झाली तर वर्षभरात थकाल आणि थकव्याला विश्वासातली कमतरता समजाल. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि रविवार, यापलीकडे नको. रात्रीचा फोन मरणाच्या किंवा हॉस्पिटलच्या कारणासाठीच. मिस्टरांनी ‘तुझं तू ठरव’ म्हटलंय, ते तेवढ्यावर सोडू नका. कुठल्या दोन संध्याकाळी तुम्ही घरी नसाल ते त्यांना विचारूनच ठरवा.

एका बाबतीत मात्र तुम्ही फार कडक राहा. प्रार्थनेने बरं होतं असं ऐकून कुणी साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या बंद केल्या असतील, फिट्सचं औषध सोडलं असेल, तर तिथे संकोच बाळगू नका. वडील म्हणून आणि सिस्टर म्हणून, दोन्ही नात्यांनी सांगा: प्रार्थना करू आणि गोळीही घेऊ. मंडळीत हे ठामपणे सांगू शकणारी माणसं थोडी आहेत, कारण सांगितलं की विश्वास कमी आहे असा शिक्का बसतो. तुमच्या नोकरीच्या वर्षांमुळे तुमचं ऐकलं जाईल. एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात जाऊ न देणं हे तुम्हाला सांगायला नको, पण ‘अमक्यासाठी प्रार्थना करा’ असं म्हणत सबंध आजार सभेत सांगितला जातो, तेव्हा पाळकसाहेबांनाही हळूच थांबवा. नाव पुरे, निदान नको.

आणि आता पहिलं काम. आमंत्रण मिळालं की लोक पहिल्या महिन्यात बैठका घेतात. तुम्ही यादी करा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा चिखली-आंबेवाडीपासून शहरातल्या सखल गल्ल्यांपर्यंत लोक अडकले. मदत करणारे हात पुष्कळ होते. अडलं ते कुठल्या घरात कोण एकटं आहे हे माहीत नसल्यामुळे. मंडळीतले साठीपुढचे, एकटे किंवा दोघंच राहणारे, अंथरुणावर असलेले, यांची एक वही करा. घर कितव्या मजल्यावर, पाणी येतं का, कुठल्या गोळ्या रोज लागतात, इन्सुलिन आहे का आणि वीज गेली तर ते कुठे ठेवायचं, चालता येतं की उचलून न्यावं लागेल, परगावच्या मुलामुलीचा नंबर, शेजारच्याचा नंबर. शेजारी कुठल्याही धर्माचा असो, त्याचं नाव आवर्जून लिहा, कारण पाणी चढतं तेव्हा पहिला तोच पोचतो. वहीची एक प्रत पाळकसाहेबांकडे, एक तरुण संघातल्या धडधाकट पोरांकडे. माहिती घ्यायला प्रत्येक घरी तुम्हाला जावंच लागेल, आणि त्या निमित्ताने पहिली भेटही होऊन जाईल. जून लागायच्या आत ही वही पुरी करा.

तुमची,
ताई